स्टोव्हची पिन आणि घरातला प्रिंटर

वाशीममधील एका मध्यमवर्गीय घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी लग्न होऊन नागपूरला. घरात निवृत्त मुख्याध्यापक वडील आणि आई. नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ. त्याआधी सोयाबीनच्या पीकविम्याची पावती, सातबाऱ्याचा उतारा, शेजारच्या मुलाचे परीक्षेचे प्रवेशपत्र. प्रत्येक कागदासाठी पाटणी चौकापर्यंत पायपीट करायची, दुकानातल्या रांगेत उभे राहायचे आणि आपले आधार कार्ड परक्या संगणकावर पाठवून त्याची प्रत घ्यायची. ती प्रत त्या संगणकात किती दिवस राहते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मुलाला हे खटकते. दिवाळीच्या आधी तो पुण्यातूनच एक प्रिंटर मागवून वाशीमच्या पत्त्यावर पाठवतो. बिनतारी आहे, केबलचीही गरज नाही, फोनवरून थेट छपाई होते, असे खोक्यावर छापलेले असते.

खोके उघडले जाते. आई त्यावर हळदीकुंकू वाहते. वीज जोडली जाते, शाई भरली जाते, कागद ठेवला जातो. आणि मग सायंकाळपर्यंत त्या पांढऱ्या यंत्रावरचा निळा दिवा लुकलुकत राहतो. फोन म्हणतो, प्रिंटर सापडला नाही. प्रिंटर काहीच म्हणत नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवरून विचारतो, ‘बाबा, वायफायचा पासवर्ड बरोबर टाकला ना?’ पासवर्ड बरोबरच असतो. चाळीस वर्षे गणिताचे पेपर तपासलेल्या माणसाला आपण आठ अक्षरे नीट लिहू शकत नाही की काय, अशी शंका यावी, इतक्या वेळा तो तपासून झालेला असतो. तिसऱ्या दिवशी प्रिंटरवर विणलेला रुमाल पडतो. पाटणी चौकाची वाट पुन्हा सुरू होते.

हे चित्र वाशीमपुरते नाही. पण वाशीमसारख्या गावांत ते अधिक बोचते. कारण पुण्यामुंबईत एका फोनवर घरी येणारा जाणकार इथे सहज मिळत नाही, आणि ज्याला समजते तो मुलगा शेकडो कोस दूर असतो. म्हणून या क्षुल्लक भासणाऱ्या अडचणीचा विचार जरा मुळापासून करायला हवा.

बहुसंख्य घरांत या रुसव्याचे कारण एकच असते आणि ते समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आजचे राऊटर दोन प्रकारच्या लहरींवर बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. आपल्या देशात पहिली २००५ साली परवान्याच्या जाचातून मुक्त झाली. दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मोकळा झाला, आणि त्यानंतर दुहेरी राऊटर घराघरांत पोहोचले. फोन नवे असल्याने त्यांना दोन्ही भाषा येतात. घरगुती प्रिंटर मात्र, विशेषतः स्वस्त आणि मध्यम किमतीचे, बहुधा पहिलीच भाषा जाणतात. राऊटर दोन्ही लहरींना एकच नाव देऊन बसलेला असतो. फोन दुसऱ्या लहरीवर, प्रिंटर पहिलीच्या शोधात. नाव एक असल्यामुळे घरातल्या माणसाला ही फाटाफूट दिसतच नाही. जोडणी करणारे अॅप अशा वेळी गोंधळते, आणि दोष पासवर्डच्या माथी मारला जातो.

दोन लहरींमधला फरक गावच्या मिरवणुकीतून चटकन कळतो. ढोल लांबून, भिंतीआडूनही ऐकू येतो. झांजेचा नाद गल्लीच्या वळणाबरोबर विरतो. २.४ ची लहर ढोलासारखी: दूर जाते, भिंती भेदते, पण तिचा वेग कमी. ५ ची लहर झांजेसारखी: वेगवान, पण भिंतीपुढे हतबल. वऱ्हाडातली जुनी घरे हात-हात जाडीच्या मातीच्या भिंतींची. नव्या घरांत सिमेंट आणि लोखंड. राऊटर पुढच्या खोलीत बंगईच्या वर टांगलेला आणि प्रिंटर मागच्या खोलीत कपाटाजवळ, अशी मांडणी असेल तर झांज तिथवर पोहोचणारच नाही. अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवण्याचा प्रयोग आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात जाहीरपणे करून दाखवला होता. त्या शास्त्रज्ञाच्या देशात सव्वाशे वर्षांनंतर घराघरांतून लहरी वाहत असाव्यात आणि त्यांचा साधा स्वभाव घरच्यांना ठाऊक नसावा, याची थोडी खंत वाटली तर ती गैर नव्हे.

उपाय साधे आहेत. राऊटरच्या बुडाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर राऊटरच्या आतल्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा, आणि तिथे शिरण्याचा परवलीचा शब्द. तो पत्ता घरच्याच वायफायवर जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की राऊटरचे पान उघडते. तिथे दोन्ही लहरींना वेगवेगळी नावे द्यावीत. एकाला नुसते आडनाव, दुसऱ्याला आडनावापुढे पाच. मग फोन आणि प्रिंटर दोघांनाही पहिल्या नावावर आणावे. चिठ्ठीवरचा शब्द चालत नसेल, तर ज्याने इंटरनेट जोडून दिले त्या केबलवाल्याकडून एवढे काम हक्काने करून घ्यावे. जोडणीच्या वेळी प्रिंटर उचलून राऊटरशेजारी ठेवावा. एकदा ओळख पटली की त्याला त्याच्या जागी न्यावे.

फोनबाबत दोन गोष्टी हमखास विसरतात. जोडणीच्या काळात मोबाइल डेटा बंद हवा. कारण नवा प्रिंटर सुरुवातीला स्वतःचे एक छोटे जाळे पसरतो, त्यात इंटरनेट नसते, आणि फोन शहाणपणा करून तिथून निसटून डेटाकडे पळतो. दुसरी, अँड्रॉइड फोनमध्ये स्थळदर्शक सुविधा, म्हणजे लोकेशन, चालू हवे. ते बंद असले तर अनेक अॅपना आसपासची जाळी दिसतच नाहीत. पाहुण्यांसाठी म्हणून राऊटरवर वेगळे जाळे असेल तर फोन त्यावर नाही ना, हेही पाहावे, कारण पाहुण्यांच्या जाळ्यातली यंत्रे सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. राऊटरवर सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए-३ असा निवडलेला असेल, तर कित्येक प्रिंटरांना तो झेपत नाही. डब्ल्यूपीए-२ सह मिश्र प्रकार ठेवावा. आणि ज्यांना हे काहीच नको, त्यांच्यासाठी अनेक राऊटरांवर डब्ल्यूपीएस नावाची कळ असते. ती दाबायची आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरची तशीच कळ दाबायची. पासवर्ड न विचारता दोघांची गाठ पडते.

इथे एक मात्र सांगायला हवे. पहिल्या दिवशी जुळलेला प्रिंटर आठवड्याने पुन्हा ‘ऑफलाइन’ म्हणतो, तेव्हा लोक यंत्रालाच खोट लावतात. वाशीमकडे त्याचे कारण पुष्कळदा वीज असते. पंगतीत यजमान जसा आल्यागेल्याला पाट दाखवतो, तसा राऊटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. वीज गेली, पंगत उठली. वीज आली की यंत्रे पुन्हा बसतात, पण पाट तोच मिळेल याची खात्री नसते. संगणक जुन्या पाटाकडे बघून हाका मारतो आणि प्रिंटर भलत्याच ठिकाणी बसलेला असतो. राऊटरच्या पानावर प्रिंटरसाठी एक पाट कायमचा राखून ठेवता येतो. हे काम एकदाच करावे लागते. प्रिंटरवर स्वतःच्या जोडणीचा अहवाल छापण्याची सोय असते. त्या कागदावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यजमानाने पाट दिलाच नाही आणि पाहुण्याने आपणच कुठेतरी बैठक मारली, असे खुशाल समजावे.

एवढीच ही विद्या. शांत चित्ताने बसले तर एका दुपारचे काम. मग प्रश्न उरतो तो असा, की ही विद्या घराबाहेर का गेली?

रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी वापरला त्यांना आठवत असेल, ज्योत पिवळी पडली की घरातली बाई कोणाला हाक मारत नसे. कोनाड्यात पत्र्याच्या पट्टीला तार लावलेली पिन असे. तोटीत पिन फिरवली की ज्योत पुन्हा निळी. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची वात कापणे आणि काच राखेने पुसणे दहा वर्षांच्या पोरालाही येई. त्या घरांत शिक्षण आजच्याहून कमी होते, पण घरातल्या यंत्रावर घराची सत्ता होती. आज त्या घरापेक्षा कितीतरी सुशिक्षित असलेले घर एका लुकलुकत्या दिव्यासमोर हात टेकते. बुद्धी तीच आहे. हरवली आहे ती पिन: आपल्या वस्तूचे पोट उघडून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही जाणीव.

ही हतबलता नुसती लाजिरवाणी असती तर एक वेळ चालले असते. ती धोक्याची आहे. प्रिंटर जुळत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? कंपनीचे नाव आणि मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधतो. शोधात वर आलेला क्रमांक कंपनीचाच असेल असे नाही. समोरचा आवाज गोड, शुद्ध हिंदीतला. तो म्हणतो, ‘आप चिंता मत कीजिए सर, बस यह एक ऐप डाल लीजिए.’ ते अॅप फोनचा किंवा संगणकाचा पडदाच परक्याच्या हाती देते. मग दुरुस्तीच्या शुल्कापोटी दहा रुपये पाठवायला सांगितले जातात, आणि ते पाठवताना बँकेचा परवलीचा शब्द तिकडे वाचला जातो. निवृत्तिवेतनाचे खाते रिकामे व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ पुरतो. पडदा वाटून घेणाऱ्या अशा अॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते. मूळ अॅप दुष्ट नसतात. दूरच्या मुलाने वडिलांचा संगणक दुरुस्त करावा, यासाठीही तीच वापरली जातात. चाकूने भाजी चिरतात आणि गळाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडवता येतो. पण मदतीचा क्रमांक खोक्यातल्या पत्रकावरूनच घ्यायचा आणि ‘पडदा दाखवा’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन ठेवून द्यायचा, एवढे घरात आधीच ठरलेले असेल तर ती वेळ बहुधा येणारच नाही. तरुण पिढीने आईवडिलांना यंत्र भेट देताना ही दोन वाक्येही खोक्यात घालावीत. यंत्र पाठवून कर्तव्य संपत नाही.

सगळा भार मात्र घरावर टाकणे अन्यायाचे होईल. यंत्रे करणाऱ्यांचीही काही जबाबदारी आहे आणि ती ते झटकतात. खोक्यातल्या पत्रकावर चित्रे विपुल, बाण विपुल, भाषा अनेक. मराठी वाक्य मात्र शोधून सापडले तर नशीब. लहरी दोन आहेत आणि हा प्रिंटर त्यातली एकच जाणतो, ही सर्वांत कामाची गोष्ट खोक्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत.

यावर वाशीमनेच सोळाशे वर्षांपूर्वी एक धडा घालून दिलेला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली इथे उजेडात आला. त्यात राजवंशाची महती सांगणारा भाग संस्कृतात आहे, आणि प्रत्यक्ष दानाचा तपशील सांगणारा व्यवहाराचा भाग प्राकृतात. गौरव दरबारी भाषेत, काम लोकांच्या भाषेत! वत्सगुल्माच्या लेखनिकाला जे उमगले ते आजच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पत्रककारांना उमगू नये, हे आश्चर्य. त्यांनी आपल्या यंत्राचे गुणगान खुशाल इंग्रजीत करावे. जोडणी कशी करायची आणि अडली तर काय करायचे, तेवढे मराठीत छापावे. मागणारे ग्राहक भेटले की कंपन्यांना भाषा येऊ लागतात, हा बाजाराचा अनुभव आहे.

कंपन्यांची दुसरी खोड शाईची. यंत्र स्वस्त द्यायचे आणि शाईवर वसूल करायचे, हा या धंद्याचा जुना हिशेब. शाईच्या कुपीवर इलेक्ट्रॉनिक चकती बसवून दुसऱ्याची शाई नाकारण्याची युक्तीही त्यातलीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला, की एकदा विकलेल्या कुपीवर पेटंटच्या आधारे विक्रेत्याचा ताबा राहत नाही. ती पुन्हा भरून विकणाऱ्याला त्या कायद्याने अडवता येणार नाही. आशियातल्या ग्राहकांनी न्यायालयाची वाट पाहिली नव्हती. त्यांनी बाहेर बाटल्या टांगून नळ्यांनी शाई पुरवणारी व्यवस्था कधीचीच बसवली होती. शाईची टाकी असलेले प्रिंटर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात प्रथम आणले. आज आपल्या घरांत दिसणारे टाकीचे प्रिंटर त्याच वाटेने आलेले आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. दिशा योग्य आहे. पण दुरुस्तीचा हक्क वापरायचा तर दुरुस्तीची इच्छा आधी हवी.

त्या इच्छेतून काय घडू शकते, याचे एक उदाहरण प्रिंटरचेच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने आधीच्या प्रिंटरसाठी एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या यंत्रात तसे करण्यासाठी त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता हवी होती. ती ज्याच्याकडे होती त्याने गुप्ततेच्या वचनाकडे बोट दाखवून नकार दिला. आपल्या पुढ्यातले यंत्र आपल्यालाच सुधारू दिले जात नाही, याची ती चीड पुढे मोठी झाली. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त संगणक-आज्ञावलीची चळवळ उभी राहिली. त्याच परंपरेतल्या परवान्याखाली वाढलेले लिनक्स आज अनेक राऊटरांच्या पोटात चालते. प्रिंटरवरून झालेल्या भांडणाचे अपत्य प्रिंटरशी न बोलणाऱ्या पेटीत बसलेले असावे, हा योगायोग मोठा गमतीचा!

आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? मुंबईत गणपत कृष्णाजींनी मिशनऱ्यांचा छापखाना पाहिला, तसे यंत्र स्वतः जमवले, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढले. त्यांच्यापाशी अॅप नव्हते, मदतीचा क्रमांक नव्हता. पाहावे, उघडावे, चुकावे आणि पुन्हा जुळवावे, एवढाच मार्ग होता. मराठी मुद्रणाचा व्यवसाय त्या हातांनी उभा केला. त्या परंपरेतल्या घराने आपल्या टेबलावरच्या छोट्या छापखान्याला रुमाल पांघरून गप्प बसवावे, हे शोभत नाही.

तेव्हा वाशीमच्या त्या घरात परत जावे. मुख्याध्यापकांची शाळेतली जुनी सवय वही ठेवण्याची. मुलाने फोनवर भराभर सांगितलेले ऐकण्याऐवजी ते म्हणतात, ‘अरे, थांब जरा. एकेक सांग, मी लिहून घेतो.’ मुलगाही थांबतो. इतकी वर्षे ज्यांच्याकडून समीकरणे शिकला त्यांना शिकवताना त्याचा आवाज आपसूक खाली येतो. केबल जोडणारा मुलगा येतो, राऊटरच्या पानावर दोन नावे करून देतो आणि जाताना म्हणतो, ‘काकाजी, हे तर दोन मिनिटांचं काम होतं जी.’ होते खरेच. पण ते दोन मिनिटांचे काम कोणते, हे या वेळी वहीत उतरलेले असते: दोन्ही नावे, पासवर्ड, प्रिंटरसाठी राखलेला पत्ता, खोक्यातल्या पत्रकावरचा मदतीचा क्रमांक. शेजारी आई सांगते तेही लिहिले जाते, की वीज आल्यावर आधी राऊटर चालू करायचा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग प्रिंटर. हे तिने तीन दिवस तो दिवा बघत बसून स्वतः ताडलेले असते. रुमाल घडी होऊन कपाटात जातो. पहिला कागद निघतो तो सातबाऱ्याचा, आणि पुढच्या आठवड्यात शेजारचे भाऊ आपला रुसलेला प्रिंटर घेऊन दारात उभे राहतात, तेव्हा मुख्याध्यापक वही काढतात.